नकाशाचा सातबारा

साताऱ्यातला नातू आणि न्यू जर्सीतली नात, दोघंही सातवीत. रविवारी लॅपटॉपवर व्हिडिओ कॉल लावून दोघांचा भूगोलाचा अभ्यास चालला होता. दोघांनी आपापल्या फोनवर एकच ॲप उघडून भारताचा नकाशा काढला आणि कॅमेऱ्यासमोर धरला, तर माथ्याकडचा भाग जुळेना. साताऱ्याच्या फोनवर जम्मू-काश्मीर आणि लडाखभोवती सलग रेघ, न्यू जर्सीच्या फोनवर तिथेच तुटक रेघांचं जाळं. ॲप तेच, दिवस तोच, डोंगरही तेच. प्रकरण आजोबांकडे गेलं: यातला खरा कोणता?

आजोबांची सगळी नोकरी भूमी अभिलेख खात्यात, भूकरमापक म्हणून झालेली. ते म्हणाले, "मोजणी कुणाच्या अर्जावरून झाली, ते आधी बघा."

पोरांना ही टाळाटाळ वाटली. पण जगभरच्या नकाशांचा कारभार समजून घ्यायचा तर सुरुवात इथूनच करावी लागते.

गोधडीचे थर

फोनमधला नकाशा म्हणजे आकाशातून काढलेला पृथ्वीचा फोटो, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात ती गोधडी आहे. सगळ्यांत खाली उपग्रहचित्र, त्यावर अक्षांश-रेखांशांची चौकट, त्यावर रस्ते आणि इमारती, मग नावं, आणि सगळ्यांत वर हद्दी. प्रत्येक थर वेगळ्या हातांनी शिवलेला आणि प्रत्येकाला वेगळा कायदा लागू.

या सगळ्याला सरकारी कागदांत 'भूस्थानिक माहिती' असं भारदस्त नाव आहे. अर्थ साधा आहे: जिला 'कुठे' चिकटलेलं आहे, ती माहिती. विहीर चाळीस फूट खोल आहे, ही नुसती माहिती. अमुक गटाच्या ईशान्य कोपऱ्यातली विहीर चाळीस फूट खोल आहे, ही भूस्थानिक माहिती. पूर, साथ, बस, वीजवाहिनी, रेशन दुकान, सगळ्याला हा 'कुठे' लागतो.

आता दोन फोनांचं कोडं. भारतात १९६१ च्या एका फौजदारी कायद्यात १९९० साली भर घालून असं ठरवलं गेलं, की भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी न जुळणारा भारताचा नकाशा प्रसिद्ध केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड, किंवा दोन्ही. त्यामुळे फोन भारतात आहे असं दिसलं की कंपनी भारताची अधिकृत हद्द दाखवते. न्यू जर्सीत तो कायदा चालत नाही, तिथे ती 'इथे वाद आहे' असं तुटक रेघेनं सांगते. नावांचंही तसंच. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेच्या अध्यक्षांनी आदेश काढून मेक्सिकोच्या आखाताचं नाव 'अमेरिकेचं आखात' केलं. तेव्हापासून गूगलच्या नकाशावर अमेरिकेत नवं नाव दिसतं, मेक्सिकोत जुनं, आणि बाकी जगाला दोन्ही.

आपल्या सातबाऱ्यात दोन नमुने असतात. सात नंबर सांगतो जमीन कुणाच्या नावावर, बारा नंबर सांगतो तिच्यात काय पिकतं. नकाशालाही हेच दोन प्रश्न आहेत: हा कुणाचा, आणि यातून कोण काय पिकवू शकतो? अडचण एवढीच, की जगाच्या नकाशांना तलाठी नाही. 'जागतिक नकाशा कायदा' नावाचं काही अस्तित्वातच नाही. जे आहे ते अवकाशाचे करार, समुद्राचे नियम, कॉपीराइट, खासगीपणा, संरक्षण खात्यांचे हुकूम अशा तुकड्यांतून जोडलेलं.

विमानाला परवानगी, उपग्रहाला नाही

कायदा उंचीप्रमाणे बदलतो, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला गंमत वाटली होती. १९४४ च्या शिकागो करारानुसार देशाच्या जमिनीवरचं आकाश त्या देशाचंच. परक्या विमानाला त्यात शिरायला परवानगी लागते, आणि आपल्यावरून जाणाऱ्या विमानात कॅमेरा वापरायला देश बंदीही घालू शकतो. पण त्याहून खूप वर, अवकाश सुरू झालं की मालकी संपते. १९५७ साली स्पुटनिक कुणालाही न विचारता सगळ्यांच्या डोक्यावरून फिरला, कुणी हरकत घेतली नाही, आणि तीच रीत पडली. १९६७ च्या अवकाश करारानं ती कागदावर आणली.

१९७२ साली लँडसॅट मालिकेतला पहिला उपग्रह वर गेला आणि प्रश्न टोकदार झाला. आमच्या जमिनीतलं पाणी, पिकं, खनिजांच्या खुणा परका देश वरून टिपणार आणि आम्हाला विचारणारही नाही? अनेक विकसनशील देशांचं म्हणणं होतं, आधी संमती घ्या. अमेरिका म्हणत होती, आकाश खुलं ठेवा. बरीच वर्षं वाद चालून डिसेंबर १९८६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं पंधरा तत्त्वांचा ठराव केला. त्याचं सार गच्चीच्या उदाहरणानं सांगता येईल. शेजाऱ्यानं आपल्या गच्चीवरून तुमचं परस पाहिलं तर त्याला अडवता येणार नाही. पण त्यानं काढलेला फोटो तुम्हाला हवा असेल, तर भेदभाव न करता, वाजवी दरात तो तुम्हाला मिळाला पाहिजे.

'वाजवी' म्हणजे किती, ते कुणीच लिहिलं नाही. लँडसॅट-७ चं एक चित्र ६०० डॉलरना मिळत असे. एखाद्या तालुक्याची दहा वर्षांची पीकस्थिती पाहायची म्हटली तर संशोधकाचं दिवाळं वाजायचं. २००८ मध्ये अमेरिकेनं ही चित्रं फुकट केली, पुढे युरोपनं कोपर्निकस उपग्रहांची माहितीही खुली केली. यातलं काहीच आंतरराष्ट्रीय कायद्याच्या धाकानं झालं नाही. देशांनी आपापली धोरणं बदलली, म्हणून झालं. उलट दिशेचंही एक उदाहरण आहे. १९९६ च्या एका अमेरिकी कायद्यानं आपल्याच कंपन्यांना इस्राएलची फार सुस्पष्ट उपग्रहचित्रं विकायला मनाई केली. बरीच वर्षं दोन मीटरपेक्षा लहान वस्तू दिसेल असं चित्र देता येत नव्हतं. ही मर्यादा २०२० मध्ये ४० सेंटिमीटरवर आली.

समुद्रात सक्ती, जमिनीवर मर्जी

आंतरराष्ट्रीय कायदा नकाशांबाबत सगळीकडेच लेचापेचा आहे, असं मात्र नाही. टायटॅनिक बुडाल्यानंतर जहाजांच्या सुरक्षेचा पहिला करार १९१४ साली झाला. त्याची आजची आवृत्ती १९७४ ची. त्यात सदस्य सरकारांवर बंधन आहे: आपल्या पाण्याची खोली मोजा, सागरी नकाशे छापा आणि ते अद्ययावत ठेवा. मोनाकोमध्ये १९२१ पासून यासाठी एक आंतरराष्ट्रीय संघटना काम करते, आणि आपल्याकडे हे काम नौदलाचं डेहराडूनचं जलसर्वेक्षण कार्यालय करतं. मुंबई बंदरात शिरणाऱ्या परदेशी कप्तानाला मराठी येत नसलं तरी चालतं, पण नकाशातली खडकाची खूण त्याला समजलीच पाहिजे. विमानांचंही तसंच. पूर्वी प्रत्येक देश आपापल्या जुन्या पद्धतीनं अक्षांश-रेखांश देत असे आणि शेजारी देशांचे आकडे शेकडो मीटरनी चुकत. १ जानेवारी १९९८ पासून नागरी विमानवाहतुकीत सगळ्यांनी एकच जागतिक चौकट वापरायची, असा नियम लागू झाला.

जमिनीवर असं काही नाही. का? माझ्या मते कारण सोपं आहे. समुद्रात चुकीच्या नकाशानं कुणाचंही जहाज फुटतं, ज्यानं नकाशा केला त्याचंसुद्धा. जमिनीवर चुकीच्या किंवा झाकलेल्या नकाशाचा तोटा एकाला आणि फायदा दुसऱ्याला होतो.

देवळाची रेघ

नकाशावरची रेघ कायद्यात कधी पक्की होते, हे कळायला थायलंड-कंबोडिया सीमेवरच्या प्रेह विहार या देवळाची गोष्ट ऐकायला हवी. दांग्रेक डोंगराच्या कड्यावर बांधलेलं हे प्राचीन शिवालय. १९०४ साली सयाम, म्हणजे आजचं थायलंड, आणि कंबोडियावर राज्य करणारा फ्रान्स यांच्यात करार झाला, की या भागात हद्द डोंगराच्या धारेनं धरायची. पाऊस पडला की ज्या धारेवरून पाणी दोन्हीकडे वाटलं जातं, ती धार. कोकणात आणि देशावर हद्दी सांगताना आपणही हीच भाषा बोलतो.

मोजणी करायला संयुक्त मंडळ नेमलं. नकाशे काढायला सयामकडे पुरेसे तंत्रज्ञ नव्हते, म्हणून त्यांनी ते काम फ्रेंच अधिकाऱ्यांवर सोपवलं. नकाशे पॅरिसमध्ये छापून १९०८ मध्ये बँकॉकला पोचले. त्यात देऊळ कंबोडियाच्या बाजूला पडलं होतं. खरी धार पाहता ही रेघ चुकली होती, असं थायलंडचं पुढे म्हणणं होतं. पण त्या वेळी काय घडलं? सयामचे गृहमंत्री राजपुत्र दामरोंग यांनी फ्रेंच राजदूताचे आभार मानले आणि प्रांताधिकाऱ्यांना वाटायला आणखी पंधरा प्रती मागवल्या. १९३० मध्ये हेच दामरोंग देऊळ पाहायला गेले, तेव्हा फ्रेंच अधिकाऱ्यानं झेंडा फडकवून पाहुण्यासारखं त्यांचं स्वागत केलं. तेव्हाही ते काही बोलले नाहीत. १९३४-३५ मध्ये सयामनं स्वतः मोजणी केली, फरक लक्षातही आला, तरी देऊळ कंबोडियात दाखवणारे नकाशे वापरात राहिलेच.

खटला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. १५ जून १९६२ रोजी न्यायाधीशांनी नऊ विरुद्ध तीन अशा मतांनी देऊळ कंबोडियाचं ठरवलं. खरी धार कुठून जाते, हे शोधण्याची न्यायालयाला गरजच वाटली नाही. तुम्ही पन्नास वर्षं हा नकाशा मान्य असल्यासारखे वागलात, आता हरकत घेता येणार नाही, असा त्या निकालाचा अर्थ. भूमी अभिलेख कार्यालयात चार दिवस बसलेल्या कुणालाही हे नवीन वाटणार नाही. मोजणीची नोटीस आली, नकाशा दाखवला, हरकत घेतली नाही. मग नातवाच्या काळात बांध कोरल्याची तक्रार कोण ऐकणार?

मात्र नकाशा हा पुरावा आहे, मालकी नव्हे. १९८६ मध्ये बुर्किना फासो आणि माली यांच्या खटल्यात याच न्यायालयानं स्पष्ट केलं, की नकाशा एकट्यानं जमिनीचा हक्क निर्माण करत नाही. त्याला कराराची किंवा दोन्ही पक्षांच्या वागणुकीची जोड लागते. २०१० मध्ये निकाराग्वाच्या माणसांनी सान हुआन नदीच्या मुखाजवळ कोस्टा रिकाच्या हद्दीत तळ ठोकला, तेव्हा त्यांचा कमांडर एदेन पास्तोरा यानं चक्क गूगलच्या नकाशाचा हवाला दिला होता. नकाशातली ती रेघ चुकीची असल्याचं कंपनीनंच पुढे मान्य केलं, आणि २०१५ मध्ये न्यायालयानं तो भाग कोस्टा रिकाचा ठरवला. प्रेह विहारची आग मात्र विझलेली नाही. २०११ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२५ मध्ये या सीमेवर तोफा धडाडल्या. दोन्ही देश आजही वेगवेगळ्या प्रमाणांचे नकाशे पुढे करतात.

सोलमध्ये वाट सापडत नाही

हद्दी सोडल्या तरी देशाच्या आतला तपशील कुणी बघावा, हा वाद उरतोच. दक्षिण कोरियात १:२५,००० पेक्षा बारीक, म्हणजे एका सेंटिमीटरला २५० मीटरपेक्षा जास्त तपशील देणारी नकाशाची माहिती सरकारी परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. उत्तर कोरियाच्या तोफा सोलपासून दूर नाहीत, हे त्यामागचं कारण. गूगलनं २००७ मध्ये आणि पुन्हा २०१६ मध्ये अर्ज केला. २०१६ मध्येही सरकारनं तो फेटाळला. त्यामुळे जगभर गल्लीबोळ दाखवणारं हे ॲप सोलसारख्या शहरात कित्येक वर्षं धड चालत जायची वाटही सांगू शकत नव्हतं. तिथले लोक नेव्हर आणि काकाओ या देशी कंपन्यांचे नकाशे वापरतात. सुरक्षा हे एक कारण झालं. देशी कंपन्यांना मिळणारं कुंपण हे दुसरं, असं म्हणणारेही पुष्कळ आहेत.

चीननं निराळी युक्ती केली. तिथे सार्वजनिक नकाशांना ठरावीक गुप्त सूत्रानं अक्षांश-रेखांश सरकवावे लागतात. खऱ्या जागेपासून हे अंतर शंभर मीटरपासून काही शे मीटरपर्यंत जातं, आणि ते सगळीकडे सारखंही नसतं. म्हणून परदेशी फोनवरचा निळा ठिपका कधी नदीत उभा दिसतो, कधी शेजारच्या इमारतीत. संगणकवाले या पद्धतीला थट्टेनं 'मंगळाचे अक्षांश' म्हणतात. चीनला नावं ठेवण्याआधी हेही आठवावं, की मे २००० पर्यंत अमेरिका जगाला मिळणाऱ्या जीपीएसच्या संदेशांत मुद्दाम शंभर मीटरपर्यंतची चूक मिसळत होती.

खासगीपणाची बाजूही आहे. २०१० मध्ये जर्मनीत रस्त्यावरून घरांचे फोटो घेणारी गूगलची सेवा सुरू झाली, तेव्हा सुमारे २ लाख ४४ हजार कुटुंबांनी आमचं घर पुसट करा असा अर्ज दिला. युरोपच्या २०१८ पासून लागू झालेल्या माहिती-संरक्षण कायद्यात माणसाच्या ठावठिकाण्याची नोंद ही वैयक्तिक माहिती म्हणूनच धरली आहे.

सह्याद्री आणि अमेरिकन टोपोशीट

आपल्याकडे झाकपाक काही कमी नव्हती. भारतीय सर्वेक्षण विभाग १७६७ पासूनचा. किनाऱ्यापासून आणि सीमेपासून सुमारे ८० किलोमीटरच्या पट्ट्यातली त्याची टोपोशीट्स, म्हणजे डोंगर-दऱ्यांचे तपशीलवार नकाशे, दीर्घकाळ निर्बंधित होती, आणि सह्याद्रीचा बराचसा कणा याच पट्ट्यात येतो. मग ट्रेकर मंडळी काय करत? टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयानं इंटरनेटवर ठेवलेले, अमेरिकी लष्करानं १९५० च्या दशकात काढलेले भारताचे नकाशे उतरवून घेत. आपलाच डोंगर, आपल्याच पायवाटा, आणि नकाशा अमेरिकेच्या फौजेचा. त्यावर गावांची नावं कधी कधी अशी लिहिलेली, की गावकऱ्यालाही ओळखू येऊ नयेत.

२००५ च्या नकाशा धोरणानं संरक्षण दलांची मालिका आणि सर्वांसाठीची खुली मालिका अशा दोन वाटा केल्या. पण मानसिकता लगेच बदलली नाही. २०११ मध्ये बेंगळुरूत रस्त्याचे फोटो घेणाऱ्या गूगलच्या गाड्या पोलिसांनी थांबवल्या. मे २०१६ मध्ये तर एका विधेयकाचा मसुदा आला. त्यात परवान्याशिवाय अशी माहिती गोळा करण्यासाठी १०० कोटी रुपयांपर्यंत दंड आणि सात वर्षांपर्यंत कैद सुचवली होती. अक्षरशः वाचलं तर फोनवरून मित्राला आपलं ठिकाण पाठवणाराही त्यात अडकला असता. ओरड झाली आणि तो मसुदा मागे पडला. पाच वर्षांनी वारं थेट उलटं फिरलं.

*चौकट: भारतात आज काय चालतं?*
*१५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार भारतीय व्यक्तीला किंवा संस्थेला नकाशाची माहिती गोळा करायला, ठेवायला आणि प्रसिद्ध करायला पूर्वपरवानगी लागत नाही. आपण नियम पाळतो, असं स्वतःच लिहून द्यायचं.*
*आडवी एक मीटर आणि उभी तीन मीटर, यापेक्षा नेमकी माहिती फक्त भारतीय संस्था तयार करू शकतात, आणि ती भारतातच साठवावी लागते. परदेशी कंपनीनं ती भारतीय संस्थेकडून परवान्यानं घ्यायची, तीही भारतातल्या ग्राहकांसाठी.*
*रस्त्यावरून फोटो घेत फिरण्याचं काम नेमकेपणा कितीही असो, भारतीय संस्थेनंच करायचं.*
*देशाच्या आणि राज्यांच्या हद्दींसाठी सर्वेक्षण विभागाचे नकाशेच प्रमाण. ते विभागाच्या संकेतस्थळावर मिळतात. शाळेच्या प्रकल्पासाठीही तेच घ्यावेत.*

याचा परिणाम लगेच दिसला. जुलै २०२२ मध्ये गूगलची रस्ता-दर्शन सेवा भारतात आली, ती जेनेसिस आणि टेक महिंद्रा या दोन भारतीय कंपन्यांनी घेतलेल्या चित्रांवर. पहिल्या दहा शहरांत पुणे, नाशिक आणि त्या वेळचं अहमदनगर होतं. त्याच वर्षी २८ डिसेंबरला राष्ट्रीय भूस्थानिक धोरणही जाहीर झालं. माझा अंदाज असा, की सरकारचं मन वळवण्यात उदारमतापेक्षा बाजाराचा वाटा मोठा होता. पण ट्रेकरला काय, टोपोशीट मिळालं म्हणजे झालं.

मुद्दाम ठेवलेल्या खुणा

नकाशा चोरीला गेला हे सिद्ध कसं करायचं? रस्ता कुणाच्या मालकीचा शोध नाही. तो जिथे आहे तिथे आहे. वस्तुस्थितीवर कॉपीराइट नसतो, तो ती मांडण्याच्या पद्धतीवर असतो. आपल्या १९५७ च्या कायद्यात नकाशा 'कलाकृती'त मोडतो. म्हणजे तुम्ही आणि मी एकाच गावाचा नकाशा स्वतंत्रपणे काढला तर दोघंही आपापल्या नकाशाचे मालक, पण तुमच्यावरून गिरवला तर मी चोर.

ब्रिटनच्या ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा संस्थेनं यासाठी आपल्या नकाशांत बारीक खुणा पेरून ठेवल्या होत्या. खोटी गावं नव्हेत, तर रस्त्याच्या रुंदीसारख्या रेखाटनातल्या छोट्या लकबी. वाहनचालकांच्या ऑटोमोबाइल असोसिएशन या संस्थेच्या नकाशांत त्याच लकबी सापडल्या. २००१ मध्ये असोसिएशननं दोन कोटी पौंड देऊन प्रकरण मिटवलं. युरोपनं तर १९९६ पासून एक पाऊल पुढे टाकलं आहे: पुष्कळ पैसा ओतून जमवलेल्या माहितीसाठ्यालाच पंधरा वर्षांचं संरक्षण, त्यात कलाकुसर असो वा नसो.

या सगळ्याला वैतागूनच २००४ मध्ये लंडनमध्ये स्टीव्ह कोस्ट या तरुणानं ओपनस्ट्रीटमॅप सुरू केला. लोकांनी लोकांसाठी काढलेला नकाशा. २०१२ पासून त्याचा परवाना असं सांगतो: फुकट वापरा, आमचं नाव लिहा, आणि यात भर घालून नवा साठा केलात तर तोही याच अटींवर खुला ठेवा. विहिरीचं पाणी सगळ्यांना, पण गाळ काढायला हातही सगळ्यांनी लावायचा.

पाट आहे, पाळी नाही

जानेवारी २०१० मध्ये हैतीत भूकंप झाला तेव्हा पोर्ट-ओ-प्रिन्सचा धड नकाशाच नव्हता. उपग्रह कंपन्यांनी ताजी चित्रं वापरायची मुभा दिली आणि जगभरच्या स्वयंसेवकांनी घरबसल्या, काही दिवसांत, त्यावरून रस्ते आणि छावण्या गिरवून काढल्या. बचाव पथकं तोच नकाशा घेऊन फिरली. इथे निर्णायक काय ठरलं? चित्रं आधीही होती. ती वापरण्याची मुभा वेळेवर मिळाली.

कालव्याच्या पाण्यावर शेती करणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. धरण भरलेलं, पाट बांधलेला, शेत तयार. पण पाळीपत्रकात नाव नसेल तर पीक वाळतं. म्हणून युरोपच्या आणि फ्रान्सच्या अवकाश संस्थांनी १९९९ मध्ये आपत्तींसाठी एक सनद तयार केली. नोव्हेंबर २००० पासून ती चालू झाली, आणि २००१ मध्ये इस्रोही तीत सामील झाली. मोठी आपत्ती आली की नेमलेली संस्था एक फोन करते आणि सदस्यांचे उपग्रह त्या भागाची चित्रं फुकट देतात. २००४ च्या त्सुनामीत ती वापरली गेली. लक्षात घ्या, हा करार नाही, कुणावर बंधन नाही. 'जमेल तितकं करू' एवढंच वचन आहे. पण कोण मागू शकतं, कोण देईल, चित्र कोणत्या अटीवर वापरायचं, हे आधी ठरलेलं असल्यानं पाणी चढत असताना वकील शोधावे लागत नाहीत.

हीच पाळीपत्रकाची रीत सगळ्या कारभाराला लागावी, असा संयुक्त राष्ट्रांचा प्रयत्न आहे. जुलै २०११ मध्ये त्यासाठी तज्ज्ञांची एक समिती नेमली गेली. तिनं जागतिक बँकेबरोबर २०१८ मध्ये एक आराखडा दिला. त्यात नऊ वाटा आहेत. पहिली कारभाराची, दुसरी कायदा आणि धोरणाची, मग पैसा, माहिती, तंत्र, मानकं, भागीदारी, प्रशिक्षण आणि लोकांशी संवाद. कायदा इतक्या वर आहे, याचं कारण अनुभवाचं. अनेक देशांत महसूल खात्याचा नकाशा पाटबंधारे खात्याला मिळत नाही, दोन्ही सरकारीच असताना. हा आराखडाही सक्तीचा नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये या विषयाची दुसरी जागतिक परिषद हैदराबादला भरली. अशा ठिकाणी देश एकमेकांचे कायदे वाचून आपले सुधारतात. सावकाश चालणारं, कंटाळवाणं काम, पण जगाचा तलाठी नसल्यावर दुसरं काय करणार?

शून्य कुठला धरायचा

एक थर राहिला, सगळ्यांत न दिसणारा. र्‍हाइन नदीवर लाउफेनबुर्ग इथे जर्मनी आणि स्वित्झर्लंडनं दोन्ही काठांकडून पूल बांधायला घेतला. उंची मोजायचा जर्मनीचा शून्य उत्तर समुद्राच्या पातळीवर, स्वित्झर्लंडचा भूमध्य समुद्राच्या. दोन्हींत २७ सेंटिमीटरचा फरक. तो अभियंत्यांना ठाऊक होता, दुरुस्तीही केली होती. फक्त उलट्या बाजूनं. २००३ मध्ये लक्षात आलं, की पुलाची दोन टोकं ५४ सेंटिमीटर वर-खाली भेटणार आहेत.

फेब्रुवारी २०१५ मध्ये फिजीच्या पुढाकारानं संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं ठराव केला: मोजमापाची एकच जागतिक चौकट जपायला सगळ्या देशांनी हातभार लावावा. समुद्र चढतोय की बेट खचतंय, हे फिजीसारख्या बेटांच्या देशाला कळायचं तर शून्य जागेवर राहिला पाहिजे, आणि तो कुणा एकट्याला राखता येत नाही. कारण जमीन स्थिर नाही. ऑस्ट्रेलिया दर वर्षी सुमारे सात सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतो. त्यांचा जुना अधिकृत नकाशा १९९४ च्या जागेवर गोठवलेला होता. चालकाविना चालणारे ट्रॅक्टर आले तेव्हा तो फरक बोचू लागला, आणि सरकारनं २०१७ मध्ये कायदेशीर आदेश काढून देशाचे अक्षांश-रेखांश १.८ मीटरनी हलवले. भारतही साधारण पाच सेंटिमीटरच्या वेगानं त्याच दिशेला निघालेला आहे.

नातवानं हे आजोबांना वाचून दाखवलं. साताऱ्याचं घर, अंगण, वावर, सगळं वर्षाला पाच सेंटिमीटर सरकतंय म्हणाला. आजोबांनी विचारलं, "हद्दीच्या दगडासकट सरकतंय ना? मग बांध जागच्या जागी आहे."

"पण आजोबा," नातू म्हणाला, "उपग्रहाला दगड कुठे माहीत असतो?"